आंतरजालावरील वैमानिक-दप्तरे : एक परीक्षण

दोन्ही महायुद्धांतील विमानदलांची पुष्कळशी दप्तरे आता आंतरजालावर खुली झाली आहेत. ज्या शोधासाठी पूर्वी विलायतेची वाट धरावी लागे, तो आज धामणगाव रेल्वेसारख्या गावी घरबसल्या करता येतो. ही सोय ज्यांनी करून दिली त्यांचे ऋण आम्ही मानतो. परंतु साधन सुलभ झाले म्हणजे ते विश्वसनीय झाले असे नव्हे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध करून राजवाड्यांनी बखरींस अस्सल पत्रांची कसोटी लावली. तीच कसोटी येथे लावणे प्राप्त आहे.

मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर यांचे उदाहरण घेऊ. केंब्रिजच्या जीझस कॉलेजात शिकलेला हा तरुण ब्रिटिश विमानदलात लेफ्टनंट झाला. २७ जून १९१८ रोजी तेविसाव्या स्क्वाड्रनचे सॉपविथ डॉल्फिन विमान घेऊन तो फ्रान्सच्या रणभूमीवर गस्तीस गेला, तो परतला नाही. ३० जून ही त्याच्या मृत्यूची तारीख नोंदलेली आहे. जर्मनांनी त्याच्या थडग्यावर ‘ओबरलॉयटनांट एस. सी. वुमकर’ असे नाव घातले. हा वुमकर म्हणजेच आपला वेलिंगकर, हे युद्ध संपल्यावर उलगडले. आज हांगार येथील दफनभूमीत त्याची समाधी आहे. तथापि नावाचा घोळ अद्याप मिटलेला नाही. कोठे वेलिंकर, कोठे वेलिंगकर. मधले नाव तर कोठे ‘चंदा’, कोठे ‘चुंडा’ असे वाचावे लागते. मराठी वाचकास वेलिंगकर म्हणताच गोव्यातील वेलिंग गाव आठवते. आंतरजालावर अक्षरे जुळवून शोधणाऱ्या यंत्रास ते आठवत नाही. इंग्रजी अक्षरांवरून मूळ नावाविषयी तर्क लढविणे व्यर्थ होय. त्यास देवनागरी अथवा मोडीतील कागदच पाहिजे, आणि नेमका तो या दप्तरांत नसतो.

लिंकन येथील आंतरराष्ट्रीय बॉम्बर कमांड केंद्राचे काम आम्हास सर्वांत पद्धतशीर वाटते. तेथे सुमारे ५८,००० मृतांची यादी आहेच. शिवाय वैमानिकांच्या उड्डाणवह्या, पत्रे व छायाचित्रे यांच्या प्रतिमा वर्णनासह ठेवल्या आहेत. ज्यांच्या गावांवर बॉम्ब पडले त्यांच्याही तोंडच्या हकीकती तेथे संग्रहित आहेत. एका पक्षाच्या कैफियतीवर निवाडा देऊ नये, हे या मंडळींस कळले आहे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगानेही पुष्कळ नावांपुढे मूळ समाधिपत्रकांच्या प्रतिमा जोडल्या आहेत. उलट ज्या याद्यांत केवळ टंकलिखित ओळ मिळते, नक्कल कोणी केली व केव्हा सुधारली याचा पत्ता नसतो, त्यांस आम्ही दुय्यम साधनच समजू.

यादीत नाव नाही म्हणून मनुष्यच नव्हता, असे अनुमानही काढू नये. पहिल्या महायुद्धातील ४५,००० ते ५४,००० मृतांची, त्यांत हिंदी सैनिकांची, स्मृती इतरांच्या बरोबरीने राखली गेली नाही, असे याच आयोगाने नेमलेल्या समितीने एप्रिल २०२१ मध्ये लिहून दिले आहे.

हिंदी विमानदलाच्या बाबतीत ‘भारत-रक्षक’ या संकेतस्थळावरील हौशी अभ्यासकांनी केलेले संकलन मोलाचे आहे. परंतु त्यातील सूची मुख्यतः अधिकाऱ्यांची आहे. ‘हवाई सिपाही’ या नावाने भरती झालेल्या हजारो जणांचा मागमूस तीत क्वचितच लागतो. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर सातव्या व आठव्या स्क्वाड्रनच्या वेंजन्स विमानांत दोन माणसे बसत; पुढच्याचे चरित्र मिळावे व मागच्याचे नावही धड मिळू नये, हा इतिहास अर्धाच राहिला म्हणावयाचा.

वऱ्हाडच्या शोधकास आणखी एक अडचण आहे. धामणगावे पुष्कळ आहेत. ‘रेल्वे’ या पदामुळे आपले ओळखू येते इतकेच. लष्करी कारकुनाने नुसते ‘धामणगाव’ लिहिले असेल, तर ते आपले की बुलढाण्याकडील धामणगाव बढे, हे जिल्हा व डाकघर पाहिल्याविना सांगता येणार नाही. प्रांताचे नाव दुसऱ्या युद्धाच्या वेळी मध्यप्रांत व वऱ्हाड असे होते. १९५६ साली हा मुलूख मुंबई राज्यात गेला व १९६० पासून महाराष्ट्रात आहे. अमरावतीचे त्या वेळचे इंग्रजी वर्णलेखनही आजच्याहून निराळे. सबब आजची नावे घालून शोधणारा रित्या हाताने परतण्याचा संभव फार.

यास उपाय घरोघरीच्या पेट्यांत आहे. युद्धात गेलेल्याची मराठी पत्रे, नेमणुकीचा कागद, गणवेशातील छायाचित्र, निवृत्तिवेतनाची वही, जे असेल त्याची पाठपोट प्रतिमा घ्यावी. देवनागरीत पूर्ण नाव, गाव, तालुका व डाकघर लिहावे. नक्कल करणाराचे नाव व तारीख घालावी. अस्सल कागद ज्याचा त्यास परत द्यावा. अशा कागदांची यादी प्रथम या त्रैमासिकात छापावी व मगच परदेशी दप्तरांकडे पाठवावी, असे आमचे मत आहे. पत्रांतील शाई फिकट होत चालली आहे. तेव्हा आरंभ पत्रांपासून करावा, छायाचित्रे मागाहून घेतली तरी चालतील.