इनोउए यासुशी यांच्या चीनविषयक कादंबऱ्या

वृत्तपत्राच्या कचेरीतून कादंबरीकडे वळलेल्या लेखकाविषयी समीक्षकांच्या मनात बहुधा एक आढी असते. घाईने लिहिण्याची सवय, वाचकाला धरून ठेवण्याची हौस आणि घटनांच्या खालच्या थरात उतरण्याचा कंटाळा हे दोष त्याच्या माथी आधीच मारले जातात. मराठी वाचकाने तरी हा पूर्वग्रह बाळगू नये. ‘उषःकाल’ ही ‘करमणूक’ साप्ताहिकाच्या स्तंभांतूनच त्याच्यापर्यंत आली, आणि तिचे कर्ते हरिभाऊ आपटे हेच त्या पत्राचे संपादक होते. तथापि जपानी कादंबरीकार इनोउए यासुशी (१९०७–१९९१) यांच्या बाबतीत प्रश्न निराळा आहे. पत्रकारितेने त्यांना घाई शिकविली नाही. तिने त्यांना संयम शिकविला. आणि त्यांच्या चीनविषयक ऐतिहासिक कादंबऱ्यांचे बळ या संयमात आहे, तशीच त्यांची मर्यादाही त्यातच आहे.

क्योतो विद्यापीठात सौंदर्यशास्त्राचा अभ्यास पुरा करून इनोउए १९३६ साली ओसाकाच्या ‘माइनिचि’ वृत्तपत्रात दाखल झाले. १९४९ मध्ये त्यांची ‘तोग्यू’ (बैलांची झुंज) ही दीर्घकथा प्रसिद्ध झाली, तिला अकुतागावा पारितोषिक मिळाले, आणि १९५१ साली त्यांनी नोकरी सोडली. ‘तोग्यू’चा नायक त्सुगामी हा वृत्तपत्राचा संपादकच आहे. पराभूत, उद्ध्वस्त ओसाकात बैलांच्या झुंजीचा अवाढव्य जुगार मांडण्यात तो आपले सारे सामर्थ्य ओततो. आणि ते सामर्थ्य जिच्यासाठी वेचावयाचे ती गोष्ट पोकळ आहे, हेही त्याला कुठेतरी उमगलेले असते. या माणसाकडे लक्ष देणे अगत्याचे आहे, कारण पुढे आठव्या आणि अकराव्या शतकातील चीनमध्ये तोच वेगवेगळ्या पोशाखांत पुन्हा भेटतो.

‘तेंप्यो नो इराका’ (तेंप्यो काळातील कौल, १९५७) या कादंबरीत तो भिक्षूच्या वस्त्रांत आहे. विनयाची दीक्षा देऊ शकेल असा आचार्य आणण्यासाठी ७३३ साली फुशो आणि योएइ हे तरुण भिक्षू जपानहून तांग साम्राज्यात गेले. आचार्य जियानझेन यांचे समुद्र ओलांडण्याचे पाच प्रयत्न फसले, त्यांची दृष्टी गेली, आणि सहाव्या खेपेस, ७५३ च्या अखेरीस, ते जपानच्या किनाऱ्याला लागले. हा सर्व इतिहास आहे, आणि आंदो कोसेइ या संशोधकाच्या परिश्रमांचा आधार लेखकाला लाभला होता. परंतु कादंबरी मनात राहते ती गोग्यो या पात्रामुळे. हा वृद्ध भिक्षू परदेशात कोंदट खोलीत बसून दशकानुदशके सूत्रांच्या प्रती करतो. त्याला चीन पाहावयाचा नाही, कोणाशी बोलावयाचे नाही. आणि अखेर त्याच्या गुंडाळ्या जपानला पोहोचत नाहीत. लेखक यावर एकही उद्गार काढत नाही. दुसऱ्या एखाद्या कादंबरीकाराने येथे दोन पाने विलाप केला असता!

या पार्श्वभूमीवर ‘तोनको’ (१९५९) वाचावी. तोनको म्हणजे दुनहुआंग. १९०० साली तेथील सहस्रबुद्ध गुंफांपैकी एकीत, भिंतीआड दडलेल्या कोठडीत, वांग युआनलू या ताओपंथी साधूला हस्तलिखितांचा प्रचंड साठा सापडला. तो कोणी, केव्हा आणि का लपविला याचे निर्विवाद उत्तर इतिहासाजवळ नाही. पाश्चात्त्य शिश्या या राज्याचे आक्रमण हे एक अनुमान. ते फ्रेंच पंडित पेलियो यांनी मांडले. पश्चिमेकडून येणाऱ्या मुस्लिम सत्तेचे भय हे दुसरे. आणि ही केवळ टाकून न देता जपून ठेवलेली जीर्ण पोथ्यांची रास होती, हे स्टाइन यांचे मत तिसरे. इनोउए पहिले अनुमान स्वीकारतात. संशोधकाच्या दृष्टीने ते आज दुबळे ठरते, कारण साठ्यातील अखेरचे निश्चित तिथीचे लेखन १००२ मधले आहे, तर कादंबरीतील पोथ्या त्यानंतर तीसहून अधिक वर्षांनी लपविल्या जातात. शिश्या लिपीचा अधिकृत प्रसारही १०३६ च्या सुमाराचा. पण कादंबरीच्या नायकाला तिची अक्षरे १०२६ मध्येच दिसतात. या चुका दाखविणे सोपे आहे. त्यांनी कादंबरीचे यत्किंचितही बिघडत नाही हे दाखविणे अधिक अवघड, आणि समीक्षेचे खरे काम तेच आहे.

नायक झाओ शिंगदे राजपरीक्षेसाठी राजधानी काइफेंगला येतो. आपले नाव पुकारले जाण्याची वाट पाहता पाहता तो प्रांगणात झोपी जातो, सम्राटाच्या प्रश्नाला स्वप्नात उत्तर देतो, आणि जागा होतो तेव्हा परीक्षा संपलेली असते. एका डुलकीने आयुष्य फिरते. त्याच दिवशी बाजारात एका शिश्या स्त्रीला तुकड्यातुकड्याने विकावयास मांडलेले तो पाहतो आणि तिला संपूर्ण विकत घेऊन सोडून देतो. मोबदल्यात तिने दिलेल्या कापडाच्या तुकड्यावरील अनोळखी अक्षरे त्याला पश्चिमेकडे खेचून नेतात. पुढे तो शिश्या सैन्याच्या चिनी तुकडीत सक्तीने ओढला जातो, एका उइगूर राजकन्येला परत येण्याचे वचन देतो, ती लिपी शिकण्याच्या ओढीने ते वचन मोडतो, आणि ती तटावरून उडी टाकते. अखेर नगर जळत असताना तो उंटांवरून पोथ्या गुंफेत नेऊन ठेवतो, त्याही एका लोभी व्यापाऱ्याला हा राजघराण्याचा खजिना आहे असे भासवून.

या माणसाला ध्येय नाही. धर्म त्याला उशिरा आणि अर्धवटच उमगतो. कादंबरीकार त्याच्या अंतरंगात फार काळ थांबतही नाही; अंतरे, दिवस, तुकड्यांची हालचाल, वाऱ्याची दिशा, एवढेच तो नोंदवीत जातो. हा बातमीदाराचा हात आहे. मात्र या कोरड्या नोंदींमुळेच वाळवंट पानोपानी वाढत जाते आणि माणसे लहान होत जातात. शिंगदेचा कोणताही निर्णय इतिहास घडवीत नाही. जे त्याच्या हातून सर्वांत मोठे घडते, ते त्याच्या नावाशिवायच उरते.

यापुढची कृती ‘आओकी ओकामी’ (निळा लांडगा), चंगीझखानावरची. येथे हा संयम सुटला आहे. चंगीझ मंगोल बीजाचा की मर्किट बीजाचा, हा त्याच्या जन्माविषयीचा संशय कादंबरीकाराने उचलला आणि त्या एका शंकेत अर्ध्या जगाच्या विध्वंसाचे कारण शोधले. आपण लांडग्याचे वंशज आहो हे सिद्ध करण्यासाठी हा पुरुष आयुष्यभर लढत राहतो. १९६१ मध्ये कादंबरीकार ओओका शोहेइ यांनी हिला ऐतिहासिक कादंबरी म्हणावे काय, असा रोखठोक सवाल केला. लांडग्याचा हा ध्यास मूळ मंगोल साधनांत नाही, तो आधुनिक लेखकाने तेथे नेऊन घातला आहे, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा होता. इनोउए यांनी उत्तर दिले आणि वाद गाजला. ओओकांनी साधनांच्या निष्ठेवर दिलेला भर कठोर आहे. तो सर्वत्र लावला तर ‘तोनको’ही उरणार नाही. परंतु या एका पुस्तकापुरते त्यांचे म्हणणे मान्य करावे लागते, आणि त्याचे कारण साधनांत नसून कलेत आहे. ‘तोनको’मध्ये इतिहास जेथे मुका आहे तेथे कल्पना बोलते, ‘आओकी ओकामी’मध्ये इतिहास बोलत असताना कल्पना त्याला गप्प बसविते. ‘स्वामी’नंतरच्या मराठी ऐतिहासिक कादंबरीने, नायकाच्या मनाची एकच किल्ली शोधण्याच्या नादात, हा भेद पुष्कळदा विसरला आहे.

आणखी एक गोष्ट जपानी समीक्षेने दबक्या आवाजातच बोलावी हे नवल आहे. १९३७ साली इनोउए यांना सैन्यात भरती करून उत्तर चीनमध्ये पाठविण्यात आले, आणि आजारपणामुळे पुढच्याच वर्षी ते परतले. ज्या भूमीवर ते आक्रमक सैन्याचे शिपाई म्हणून उभे होते, तिच्याविषयी त्यांनी वीस वर्षांनी लिहिले, पण ते हजार वर्षांपूर्वीच्या काळाविषयी. हा पळ म्हणावा काय? तसा आरोप करणे सोपे आहे. परंतु परक्या राजाच्या सैन्यात जबरदस्तीने ओढलेला, कोणाविरुद्ध आणि कशासाठी लढतो आहोत हे न कळणारा सुशिक्षित तरुण ‘तोनको’च्या केंद्रस्थानी आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे हा आरोप तितकासा टिकत नाही. अर्थात भरडल्या गेलेल्या गावांची बाजू या कादंबरीत जवळजवळ नाही, आणि ही उणीव लेखकाच्या शैलीने झाकली जात नाही, उलट अधिक दिसते.

ही कादंबरी लिहिताना इनोउए यांनी दुनहुआंग पाहिले नव्हते. १९५७ मध्ये लेखकांच्या शिष्टमंडळातून ते चीनला जाऊन आले होते, पण त्या ओअॅसिसपर्यंत पोहोचण्यास १९७८ साल उजाडावे लागले. घटनास्थळी जाऊन लिहिणे हा ज्याचा व्यवसाय, त्याने आपली सर्वोत्तम कृती न पाहिलेल्या जागेविषयी, ग्रंथांवरून रचावी! शेवटच्या प्रकरणात तर शिंगदे, राजकन्या, सेनापती सारेच मावळतात, आणि निवेदन एखाद्या बातमीइतके सपाट होते. वांग साधू भिंत फोडतो. अधिकारी दुर्लक्ष करतात. १९०७ मध्ये, म्हणजे लेखकाच्या जन्मवर्षी, हिंदुस्थान सरकारच्या सेवेतील स्टाइन येऊन पेट्या भरून नेतात, पाठोपाठ पेलियो येतात. स्टाइन यांनी नेलेल्या चित्रांचा काही भाग आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.