चरकसंहितेतील आहारविधी : नियम आणि त्यांच्या अटी

आयुर्वेदाचा आहारविचार हल्ली बहुधा तक्त्याच्या रूपात भेटतो: हे खा, ते टाळा, दुधाबरोबर मासे नकोत. आधार म्हणून चरकसंहितेचे नाव दिलेले असते. मूळ ग्रंथ मात्र अशा तक्त्याला फारसा अनुकूल नाही.

विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहाराचे हित-अहित आठ गोष्टींवरून ठरवले आहे: प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. पदार्थाचा मूळ स्वभाव, म्हणजे प्रकृती, ही आठांपैकी फक्त एक. करण म्हणजे संस्कार, आणि संस्काराने गुण पालटतो. व्रीही हे भात पचायला जड, पण त्याच्याच लाह्या हलक्या. उलट सत्तू हलके, तर त्याचे शिजवलेले गोळे जड. मग 'तांदूळ जड की हलका?' हा प्रश्नच अपुरा ठरतो. उपयोक्ता म्हणजे खाणारा. त्याच्या अंगवळणी काय पडले आहे, म्हणजेच सात्म्य, हेही पाहायचे.

दूध-माशांचा प्रसिद्ध निषेध सूत्रस्थानाच्या २६व्या अध्यायात येतो, तोही वादाच्या ओघात. चिलिचिम हा एक मासा सोडून बाकीचे मासे दुधाबरोबर चालतील, असे भद्रकाप्य म्हणतो. आत्रेय ते मान्य करत नाहीत. पण विरुद्ध आहार कोणाला बाधत नाही, हेही त्याच अध्यायात सांगितले आहे: ज्याला तो सात्म्य आहे, जो तो थोडाच खातो, ज्याचा अग्नी प्रदीप्त आहे, जो तरुण आहे, व्यायामाने बळकट आहे. तक्ते करणाऱ्यांनी निषेध उचलला आणि अट गाळली. अट गाळली की शास्त्राचे नुसते सोवळे होते.

याचा अर्थ सवयीला सगळे माफ, असा नाही. बाह्लीक, सौराष्ट्र, सिंधू, सौवीर या प्रदेशांतील लोक दुधातही मीठ घालून खातात, असे सांगून चरक त्यांना दोष देतो. सवय मोडायची, पण क्रमाक्रमाने, असा त्याचा सल्ला आहे. सात्म्य हा इथे निर्णयातला एक मुद्दा आहे, अंतिम निकाल नव्हे.

ग्रंथाची खरी अडचण वेगळीच आहे. गरम, स्निग्ध, बेताचे अन्न, आधीचे पचल्यावर, मनाजोग्या जागी, हव्या त्या साधनांसह, न बोलता, न हसता, स्वतःचा अंदाज घेऊन जेवावे, असे चरक सांगतो. अग्नीला वजनमाप नाही. परीक्षा खाणाऱ्याच्या जाणिवेवर आणि वैद्याच्या नजरेवर सोपवलेली आहे. शिवाय हा जेवणारा आपली वेळ आपण ठरवू शकतो, त्याच्यासाठी कोणीतरी ताजे रांधते. रांधणारी व्यक्ती स्वतः केव्हा जेवते, हा प्रश्न या विधीत कुठेच येत नाही. वसतिगृहाच्या मेसमध्ये ठरल्या वेळी ताट घेणाऱ्या विद्यार्थ्याला आठांपैकी जेमतेम राशी तेवढी आपल्या हातात ठेवता येते, म्हणजे किती वाढून घ्यायचे एवढेच.