रॉकची आत्मचरित्रं : मंच सोडून सगळं

रॉक संगीतकारांच्या आत्मचरित्रांना गेली वीस वर्षं बरे दिवस आहेत. बॉब डिलनचं ‘क्रॉनिकल्स’ २००४ साली आलं. २०१० साली कीथ रिचर्ड्सचं ‘लाइफ’ आणि पॅटी स्मिथचं ‘जस्ट किड्स’ ही दोन्ही एकाच वर्षात आली, आणि ‘जस्ट किड्स’ला अमेरिकेतला नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. त्यानंतर रांगच लागली. पीट टाउनशेंड, नील यंग, किम गॉर्डन, ब्रूस स्प्रिंगस्टीन, एल्टन जॉन, बोनो. ज्याची एक तबकडी बरी खपली होती तोही लिहायला बसला. मिक जॅगर तेवढा शहाणा निघाला. ऐंशीच्या दशकात त्याने आत्मचरित्रासाठी प्रकाशकाकडून मोठी आगाऊ रक्कम घेतली, लिहायला बसला, कंटाळला आणि पैसे परत करून मोकळा झाला. वाचक म्हणून मला त्याचा हा निर्णय त्याच्या काही गाण्यांपेक्षाही आवडतो.

या लाटेमागचं कारण वाङ्मयीन नाही. इंटरनेटवर गाणी फुकट मिळू लागली, तबकड्यांचा धंदा बसला आणि संगीतकाराकडे विकण्यासारख्या दोनच गोष्टी उरल्या : त्याची हजेरी आणि त्याच्या आठवणी. हजेरीचे कार्यक्रम झाले, आठवणींची पुस्तकं झाली. दोन्ही महागली, दोन्ही फुगली. म्हणून या दोन्हींकडे एकत्र पाहायला हवं. पुस्तकाचा समीक्षक मैदानावर जात नाही आणि मैदानावरचा रसिक चारशे पानं वाचत नाही, त्यामुळे हे सहसा होत नाही.

माझी तक्रार साधी आहे. या पुस्तकांत सगळं सापडतं, मंच सोडून. साचा आता पाठ झाला आहे : दारू पिणारा बाप, पहिली गिटार, मोडकी व्हॅन, अचानक आलेलं यश, नशा, व्यसनमुक्ती केंद्र, नवा संसार आणि शेवटी सगळ्यांचे आभार. मधला नशेचा भाग ‘मॉटली क्रू’ या बँडच्या ‘द डर्ट’ने २००१ सालीच इतक्या टोकाला नेऊन ठेवला की नंतरच्यांनी तो वगळला असता तरी चाललं असतं. ज्या दोन तासांसाठी आपण पदरचे पैसे मोडून, उन्हात रांगा लावून जातो, त्यांच्या वाट्याला मात्र ‘त्या रात्री लोक वेडे झाले होते’ एवढंच वाक्य येतं. लोक वेडे झाले होते हे आम्हाला ठाऊक आहे. ते लोक आम्हीच होतो.

चांगली पुस्तकं कुठे चांगली होतात? जिथे लेखक कामाबद्दल बोलतो तिथे. ‘लाइफ’ हे पुष्कळ ठिकाणी सैल आणि बढाईखोर पुस्तक आहे, पण गिटारच्या तारा लावण्यावरची त्यातली पानं कुठल्याही संगीतशिक्षकाने वर्गात वाचून दाखवावीत अशी आहेत. साठच्या दशकाच्या अखेरीस रिचर्ड्सने गिटारची सहावी, सर्वांत जाड तार काढूनच टाकली. उरलेल्या पाच तारा त्याने जी-डी-जी-बी-डी अशा लावल्या. आपल्या भाषेत सा-प-सा-ग-प. मग एक बोट आडवं टेकलं की पूर्ण कॉर्ड वाजतो आणि उरलेली बोटं त्यात एकदोन सूर घालायला-काढायला मोकळी राहतात. ‘ब्राऊन शुगर’ आणि ‘स्टार्ट मी अप’ यांचा तो उघडा, किंचित डगमगणारा आवाज इथून येतो. न छेडलेल्या ताराही मागे गुणगुणत राहतात. तानपुऱ्याला सरावलेल्या कानाला ही गंमत चटकन कळते. एप्रिल २००३ मध्ये मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर रिचर्ड्सचा रोलिंग स्टोन्स हा बँड आला तेव्हा तो आवाज मी गर्दीत उभा राहून ऐकला होता. त्याचं कारण सात वर्षांनी पुस्तकात सापडलं. आत्मचरित्राने रसिकासाठी करावं असं याहून मोठं काम मला सुचत नाही.

याच पुस्तकात भरवसा कुठवर ठेवायचा याचाही धडा आहे. १९६४ साली शिकागोच्या चेस स्टुडिओत आपण गेलो तेव्हा ब्लूज गायक मडी वॉटर्स शिडीवर चढून छत रंगवत होता, असं रिचर्ड्स सांगतो. ज्याच्या गाण्यावरून बँडचं नाव ठेवलं तोच महापुरुष अंगावर चुन्याचे ओघळ घेऊन उभा! चित्र झकास आहे. पण त्याच बँडमधल्या बिल वायमनला आठवतं ते वेगळंच : मडीने त्यांचं सामान आत न्यायला हात लावला. आणि स्टुडिओमालकाचा मुलगा मार्शल चेस म्हणतो, छत रंगवण्याचा प्रकार घडलाच नाही. रिचर्ड्स मात्र आपल्या शिडीवरून खाली उतरायला तयार नाही.

दोन साक्षीदार समोरासमोर उभे करायचे असतील तर ‘द बँड’ या गटाकडे वळावं. २५ नोव्हेंबर १९७६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँडमध्ये त्यांचा निरोपाचा कार्यक्रम झाला. मार्टिन स्कॉर्सेसीने त्यावर ‘द लास्ट वॉल्ट्झ’ हा चित्रपट केला. ड्रमवादक लेव्हॉन हेल्मने १९९३ साली आणि गिटारवादक रॉबी रॉबर्टसनने २०१६ साली आपापलं पुस्तक लिहिलं. रॉबर्टसनसाठी ती रात्र कळस आहे, त्याचं पुस्तकच तिथे संपतं. हेल्मच्या लेखी ती मित्राने केलेली फसवणूक. चित्रपट एकट्या रॉबर्टसनभोवती फिरवला, गाणी सगळ्यांनी मिळून घडवली आणि श्रेय-मानधन एकाच्या नावावर गेलं, हा त्याचा सल. शिवाय वेळ वाचवायला मडी वॉटर्सलाच कार्यक्रमातून वगळायचं घाटत होतं आणि आपण अडून बसल्यामुळे ते टळलं, असं तो लिहितो. मडी गायला तेव्हा बाकीचे कॅमेरे बंद होते आणि एकच चालू राहिला होता, असं सांगतात. आज त्या चित्रपटातलं मडीचं गाणं पाहताना हेल्मचं म्हणणं मनात ठेवून पाहा. मागे बसलेल्या ड्रमवाल्याचा चेहरा वेगळा दिसू लागतो. दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचली तर रॉबर्टसन जास्त चांगला लेखक ठरतो आणि हेल्म जास्त खरा वाटतो.

डिलनने तर चकवाच दिला. १९६५-६६ची ती गाजलेली वर्षं, म्हणजे हातात विजेची गिटार आणि समोर हुर्यो उडवणारे श्रोते, यांना त्याने जवळजवळ स्पर्शच केला नाही. त्याऐवजी न्यूयॉर्कमधले नवखेपणाचे दिवस आणि १९८९चा ‘ओ मर्सी’ हा अल्बम न्यू ऑर्लिन्समध्ये कसा रखडत घडला, यावर पानंच्या पानं. रेड हॉट चिली पेपर्सच्या फ्लीनेही २०१९ साली बँड नावारूपाला येण्याआधीच पुस्तक थांबवलं. आपल्याकडे सुधीर फडक्यांचं ‘जगाच्या पाठीवर’ अपुरं राहिलं. पण त्यात कीर्तीचे दिवस नाहीत, उपासमारीचे आहेत, आणि म्हणूनच ते हातून सोडवत नाही. प्रसिद्धी आली की माणसाला भेटणारी माणसं सारखीच होत जातात, आणि पुस्तकंही.

दुसऱ्याकडून लिहून घेणं हा कमीपणा मानायचं मात्र कारण नाही. रिचर्ड्सच्या मागे जेम्स फॉक्स होता, एल्टन जॉनच्या मागे अलेक्सिस पेट्रिडिस. हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ अरुण साधूंनी शब्दांकित केलं, म्हणून त्यातली बाई कुठे खोटी वाटते का? ऐकणाऱ्याला गप्प बसता आलं पाहिजे, एवढंच.

मंचाबद्दल खरोखर लिहिलेली दोन उदाहरणं मला आठवतात. एक स्प्रिंगस्टीनचं. फेब्रुवारी २००९ मध्ये त्याने सुपर बोल या फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात बारा मिनिटांचा कार्यक्रम केला. तीन-तीन तास वाजवणाऱ्याला बारा मिनिटं! गुडघ्यांवर घसरत जाताना वेग जास्त झाला आणि तो थेट कॅमेऱ्यावर जाऊन आदळला. हे लिहिताना तो स्वतःला हसतो आणि तरी अंगातली वीज पानावर उतरवतो. मोठं पुस्तक लिहायची सुरुवात त्याने याच अनुभवापासून केली, हे त्यात दिसतं. पुढे त्या पुस्तकावरून त्याने ब्रॉडवेवर एकट्याचा प्रयोग उभा केला आणि २०१७-१८ मध्ये त्याचे २३६ खेळ झाले. बोनोनेही त्याच वाटेने जाऊन पुस्तकाचा रंगमंचीय कार्यक्रम केला, पण तिथे प्रवचनाचा वास फार.

दुसरं उदाहरण किम गॉर्डनचं. तिचं पुस्तक सुरू होतं ते सॉनिक युथ या तिच्या बँडच्या शेवटच्या कार्यक्रमाने. २०११, ब्राझील, पाऊस. मंचावर ती आणि थर्स्टन मूर. सत्तावीस वर्षांचा संसार मोडलेला, आणि तरी दोघांनी ठरलेल्या जागी उभं राहून ठरलेली गाणी वाजवायची. त्या प्रकरणात सुरांबद्दल फारसं काही नाही. कोण कुठे उभं होतं, कोण कोणाकडे पाहत नव्हतं, इतकंच आहे. कार्यक्रम असाच लिहायचा असतो.

आता मैदानाची बाजू. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले आला तेव्हा तिकिटं अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत होती आणि काळ्या बाजारात ती लाखांवर गेली. मनगटावरचे दिवे इशाऱ्यावर लुकलुकत होते. देखणं होतं, नाकारत नाही. पण त्या दिव्यांचं नियंत्रण तुमच्याकडे नसतं. श्रोता हा आता नेपथ्याचा भाग झाला आहे आणि त्याचे पैसेही तोच भरतो. २०२२ साली स्प्रिंगस्टीनची काही तिकिटं मागणीनुसार चढत पाच हजार डॉलरपर्यंत पोहोचली. त्यानंतर, २०२३ साली, १९८० पासून त्याच्या चाहत्यांनी चालवलेलं ‘बॅकस्ट्रीट्स’ हे नियतकालिक वैतागून बंद झालं. कामगारांची गाणी गाणाऱ्यावर त्याच्याच भक्तांनी दिलेला हा निकाल आहे आणि तो मला योग्य वाटतो.

‘बॅकस्ट्रीट्स’ जाण्याचं दुःख वेगळ्याही कारणासाठी. कुठल्या रात्री कोणतं गाणं कितवं वाजलं, हे या लोकांनी टिपून ठेवलं होतं. ग्रेटफुल डेडने तर १९८४ पासून टेपरेकॉर्डर घेऊन येणाऱ्यांना बसायला वेगळी जागाच दिली. त्यांचे शेकडो कार्यक्रम आज ऐकायला मिळतात, त्यात या लोकांचा वाटा मोठा. वादकाला रात्र आठवत नाही. तो घाम पुसत, पुढच्या गाण्याची पट्टी आठवत असतो. रात्र आठवते ती समोरच्यांना.

आणि आपल्याकडे? रेमो फर्नांडिसचं आत्मचरित्र २०२१ साली आलं. शिवोलीच्या घरात चार ट्रॅकच्या यंत्रावर सगळी वाद्यं स्वतः वाजवून ‘गोअन क्रेझी’ ध्वनिमुद्रित करणं आणि कॅसेट घेऊन दुकानं पालथी घालणं, हा त्यातला भाग कुणाही परदेशी पुस्तकाच्या तोडीचा आहे. सिद्धार्थ भाटिया यांनी ‘इंडिया सायकेडेलिक’मध्ये साठ-सत्तरच्या दशकांतले बँड नोंदवून ठेवले. दोन्ही पुस्तकं इंग्रजीत. मराठीत या विषयाची पाटी जवळजवळ कोरी आहे.

म्हणजे ऐकणारे मराठी नव्हते असं नाही. धोबी तलावच्या रंगभवनात १९८६ पासून ऑगस्टमध्ये ‘इंडिपेंडन्स रॉक’ व्हायचं तेव्हा डोंबिवली-ठाण्याहून लोकल पकडून आलेली पोरं त्या दगडी पायऱ्यांवर पावसात भिजत उभी असत. ‘रॉक मशीन’ हा बँड वाजवत असे, ध्वनिक्षेपक मध्येच खरखरत, आणि शेवटच्या गाडीसाठी निम्मे लोक शेवटचं गाणं सोडून पळत. पुढे इस्पितळांमुळे तो भाग शांतता क्षेत्र ठरला, नियम कडक झाले आणि रंगभवन रॉकला बंद झालं. त्या रात्रींचं कोणाही वादकाने नीट वर्णन केलेलं मला मिळालेलं नाही, आणि वर जे लिहिलं ते पाहता मिळेल अशी आशाही नाही. तेव्हा जे पायऱ्यांवर होते त्यांनीच लिहायला हवं. तिकिटाचे तुकडे, वॉकमनवर चोरून घेतलेल्या टेपा, हातांनी उतरवलेल्या गाण्यांच्या याद्या माळ्यावर असतील तर खाली काढा. तारीख घाला, कोण कोणासोबत गेला होता ते घाला आणि मराठीत लिहा. ती पिढी आता पन्नाशी ओलांडून गेली आहे.