सत्यान्वेषी आणि पेटेतला प्रेक्षक

रहस्यकथा हा वाङ्मयप्रकार मराठी समीक्षेने दीर्घ काळ उंबरठ्याबाहेरच ठेवला. बाबूराव अर्नाळकरांनी (१९०६-१९९६) हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि त्याचा छोटू ही नावे दोन पिढ्यांच्या तोंडी होती. परंतु वाचनालयांतून झिजून गेलेल्या या पुस्तकांविषयी गंभीर चर्चा फारशी झाली नाही. वाचकाला ती आवडतात, हेच जणू त्यांच्याविषयी न बोलण्याचे पुरेसे कारण ठरले. रहस्यकथा छापील पानावरून दूरदर्शनच्या पडद्यावर आली, तेव्हा ही उपेक्षा दुहेरी झाली. मूळ कृती हलकी आणि तिचे रूपांतर त्याहून हलके, असा एक अलिखित संकेत रूढ झाला. अशा रूपांतरांविषयी प्रेक्षक जे बोलतो ते मग समीक्षेच्या कानावर पडण्याचा प्रश्नच उरला नाही. वस्तुतः या बोलण्यात रहस्यकथेच्या स्वरूपासंबंधीचे काही मूलभूत प्रश्न दडलेले आहेत.

हे प्रश्न नीट दिसावेत म्हणून पाहण्याची एक जागा निश्चित करणे उपयुक्त ठरेल. बेंगळूरमधील चिकपेट ही अशी एक जागा आहे. 'चिक्क' म्हणजे लहान. चिक्कपेटे म्हणजे धाकटी पेठ. तिच्या शेजारची दोड्डपेटे, म्हणजे थोरली पेठ, आज अव्हेन्यू रोड या नावाने आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांसाठी ओळखली जाते. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बेंगळूर घेतले, ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले आणि मराठी भाषेचा या गावाशी राजकीय संबंध जडला. तो संबंध त्याच शतकाच्या अखेरीस सरला. भाषा मात्र मागे राहिली. रंगकाम, शिवणकाम, कापडाचा व्यापार करणाऱ्या भावसार, नामदेव शिंपी आदी समाजांनी ती घरात जपली. दुकानात कन्नड, घाऊक व्यापाऱ्याशी हिंदी, कचेरीत इंग्रजी आणि देवघरात व स्वयंपाकघरात मराठी, अशी भाषांची वाटणी येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. येथील मराठी पुष्कळदा बोलली जाते, परंतु वाचली जात नाही. अशा घरात बसलेला प्रेक्षक येथे अभिप्रेत आहे. तो कोणी एक व्यक्ती नव्हे; भाषांच्या सीमेवरची ती एक स्थिती आहे.

१९९३ मध्ये दूरदर्शनच्या राष्ट्रीय वाहिनीवर 'ब्योमकेश बक्शी' ही बासू चटर्जी दिग्दर्शित मालिका सुरू झाली. या मालिकेचे भाषिक गणित पाहण्यासारखे आहे. कथा बंगाली, संवाद हिंदी, दिग्दर्शक मुंबईच्या चित्रपटसृष्टीतला बंगाली, ब्योमकेशच्या भूमिकेत रजित कपूर, अजितच्या भूमिकेत के. के. रैना आणि सत्यवतीच्या भूमिकेत सुकन्या कुलकर्णी ही मराठी अभिनेत्री. मूळ लेखक शरदिंदु बंद्योपाध्याय (१८९९-१९७०) यांचे आयुष्यही असेच सीमा ओलांडणारे. १९३२ पासून त्यांनी ब्योमकेशच्या कथा लिहिल्या. १९३८ मध्ये चित्रपटकथा लिहिण्यासाठी ते मुंबईस आले. पुढे मधली अनेक वर्षे हा नायक गप्प राहिला. १९५२ च्या सुमारास चित्रपटव्यवसाय सोडून ते पुण्यास स्थायिक झाले आणि ब्योमकेशच्या उत्तरकालीन कथा बहुतांशी तेथेच लिहिल्या गेल्या. शिवकाळातील सदाशिव या मुलाच्या साहसकथा त्यांनी बंगाली बालवाचकांना दिल्या आणि विजयनगरच्या पार्श्वभूमीवरील एका कादंबरीला तुंगभद्रेचे नाव दिले. मराठी मुलखात राहून बंगाली लिहिणारा हा लेखक आणि कन्नड मुलखात राहून मराठी बोलणारा चिकपेटेतला प्रेक्षक यांची भेट हिंदीत व्हावी, हा निव्वळ योगायोग असला तरी अर्थपूर्ण योगायोग आहे.

या प्रेक्षकापुढे हेर या व्यक्तिरेखेची तीन नावे होती. मराठीत तो 'गुप्तहेर'. या शब्दाला दरबाराचा, शत्रूच्या गोटात शिरण्याचा वास आहे. कन्नडमध्ये तो 'पत्तेदार', म्हणजे पत्ता लावणारा, एन. नरसिंहय्या यांच्या पत्तेदार पुरुषोत्तमाने कन्नड वाचकाच्या मनात तो शब्द पक्का केला. ब्योमकेशला मात्र 'डिटेक्टिव्ह' म्हणवून घेणे आवडत नाही. तो स्वतःला 'सत्यान्वेषी' म्हणवतो. गुप्तहेर राज्यासाठी राबतो, पत्तेदार माग काढतो, सत्यान्वेषी सत्य शोधतो आणि ते सापडल्यावर त्याचे काय करायचे हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. शब्दांच्या या फरकातच मालिकेविषयीच्या प्रतिक्रियांचे बीज आहे.

रहस्यकथेतील खरी कळ गुन्ह्यात नसते, निवेदनात असते. कॉनन डॉइलने होम्सच्या ५६ कथा आणि ४ कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतील बहुतेकांचा निवेदक वॉटसन आहे. तो सारे पाहतो, पण त्याचा अर्थ त्याला लागत नाही. वाचकाच्या आणि सत्याच्या मध्ये हा प्रामाणिक, किंचित मंद मित्र पडद्यासारखा उभा असतो. होम्सने स्वतः सांगितलेल्या मोजक्या कथा फिक्या वाटतात त्या यामुळेच. जाणणाराच सांगू लागला की लपवण्याला लबाडीचे रूप येते. शरदिंदूंनी अजितला हेच काम दिले आणि अखेरच्या काही कथांत ते त्याच्याकडून काढूनही घेतले. पडद्यावर हा निवेदक उरत नाही. कॅमेरा अजितच्या डोळ्यांनी पाहत नाही. अजितही कॅमेऱ्यासमोरचे एक पात्र होतो. मग लपवायचे कोणी, आणि कसे? प्रत्येक रूपांतरकाराला या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते आणि प्रेक्षकाची पसंती-नापसंती पुष्कळदा त्या उत्तरावरचा अभिप्राय असते.

बासू चटर्जी यांचे उत्तर साधे होते. त्यांनी काळ बदलला नाही; हॅरिसन रोडवरची बिऱ्हाडाची खोली, धोतर, चहाचे पेले आणि पुंटीराम नोकर हे सारे ठेवले. गती मंद ठेवली. खोलीत माणसे बसतात आणि बोलतात. महत्त्वाचे वाक्य बिनमहत्त्वाच्या वाक्यांच्या रांगेत उभे असते. कॅमेरा त्याच्याकडे बोट दाखवीत नाही. प्रेक्षकाला लक्षपूर्वक ऐकावे लागते. ज्याची हिंदी बाजारातली आहे आणि मराठी घरातली आहे, अशा प्रेक्षकाला हे ऐकणे जड जायला हवे होते. परंतु भाषांच्या सीमेवर राहणाऱ्यांना बारकाईने ऐकण्याची सवय असते. समोरचा कोणत्या भाषेत उत्तर अपेक्षितो हे त्यांना पहिल्या दोन शब्दांत ओळखावे लागते. मंद गतीची ही मालिका अशा घरांना परकी वाटण्याचे कारण नव्हते, ते यामुळे.

याच्या अगदी उलट टोकाचे उत्तर २०१० मध्ये बीबीसीने 'शेरलॉक' या मालिकेतून दिले. स्टीव्हन मोफॅट आणि मार्क गॅटिस यांनी होम्सला थेट एकविसाव्या शतकातील लंडनमध्ये आणले. बेनेडिक्ट कंबरबॅचच्या होम्सच्या हाती मोबाइल आहे आणि मार्टिन फ्रीमनचा वॉटसन मूळ कथेतल्याप्रमाणे अफगाणिस्तानातूनच जखमी होऊन परतला आहे. इतिहासानेच रूपांतरकारांना ही सवलत दिली. मूळ कादंबरीत वॉटसनच्या घड्याळावरून होम्स त्याच्या व्यसनी भावाविषयी अनुमान काढतो. येथे घड्याळाच्या जागी मोबाइल येतो आणि भावाच्या जागी बहीण. पहिल्या कादंबरीत भिंतीवरच्या 'राखे' या अक्षरांना पोलिस एका स्त्रीचे अपुरे नाव समजतात आणि होम्स तो सूड या अर्थाचा जर्मन शब्द असल्याचे सांगतो. मालिकेत नेमके उलटे घडते. ज्याने मूळ वाचले आहे त्याच्या ज्ञानालाच येथे सापळा बनवले आहे. पाइपच्या जागी निकोटिनच्या पट्ट्या येतात, तेव्हाही हसू फुटते ते वाचकालाच. रूपांतर जुन्या वाचकाला बाहेर ढकलीत नाही, त्याला खेळात ओढते.

निवेदकाच्या प्रश्नाला मात्र या मालिकेचे उत्तर धोक्याचे आहे. होम्सला जे दिसते ते शब्दरूपाने पडद्यावर उमटते. प्रेक्षक वॉटसनच्या बाजूला न राहता होम्सच्या डोक्यात जाऊन बसतो. सुरुवातीस हे विलक्षण वाटते. परंतु डोक्यात बसवलेल्या माणसापासून काही लपवले तर तो रागावतो. २०१२ च्या जानेवारीत होम्स रुग्णालयाच्या गच्चीवरून कोसळला आणि त्याच भागाच्या अखेरीस जिवंत दिसला. दोन वर्षे प्रेक्षकांनी उपपत्ती मांडल्या. २०१४ मध्ये तो परतला, तेव्हा मालिकेने त्या उपपत्तींचीच थट्टा केली आणि निर्विवाद असा उलगडा दिला नाही. पुष्कळांना हा खेळ रुचला, पुष्कळांना ती फसवणूक वाटली. २०१७ मधील चौथ्या मालिकेविषयीही असाच सूर उमटला: अनुमानाची जागा धावपळीने घेतली आहे, सुगावे नाहीत, केवळ धक्के आहेत. आयरीन अ‍ॅडलरविषयीची तक्रारही येथे नोंदवली पाहिजे. १८९१ च्या कथेत ही स्त्री होम्सवर मात करून निघून जाते. २०१२ च्या रूपांतरात ती हरते आणि शेवटी होम्सच तिला वाचवतो. सव्वाशे वर्षांनी आलेले रूपांतर मूळ कथेहून मागे गेले, असे प्रेक्षकांनी म्हटले. त्यात तथ्य आहे.

या तक्रारी वरवर पाहता मूळनिष्ठेच्या दिसतात. तशा त्या नाहीत. घड्याळाचा मोबाइल झाला याबद्दल फारसे कोणी रागावले नाही. राग आला तो करार मोडल्याचा. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स यांनी रहस्यकथेसाठी दहा नियम घालून दिले. त्यांचा गाभा एवढाच होता की, हेराला सापडलेला प्रत्येक सुगावा वाचकालाही मिळाला पाहिजे. कोणताही नियम न वाचलेला प्रेक्षक 'आम्हाला संधीच दिली नाही' असे म्हणतो, तेव्हा तो हाच नियम स्वतःच्या अनुभवातून नव्याने मांडत असतो. अशा प्रतिक्रियेला भाबडी म्हणणे ही समीक्षेची चूक होईल. त्या वाङ्मयप्रकाराच्या घटनेची साक्ष तीत आहे.

तथापि उचित न्यायाचा हा करारही रहस्यकथेचे संपूर्ण आकर्षण स्पष्ट करीत नाही. २०२० च्या मार्चअखेरीस देशभर टाळेबंदी होती तेव्हा दूरदर्शनने 'ब्योमकेश बक्शी' पुन्हा दाखवली. १९९३ मध्ये ज्यांनी ती पाहिली होती त्यांना खुनी कोण हे आठवत असण्याची शक्यता पुष्कळ होती. तरीही त्यांतले कित्येक पुन्हा पाहायला बसले. रहस्य कळल्यावर रहस्यकथा मरते, हे विधान मग कसे टिकावे?

याचे उत्तर पाश्चात्त्य रहस्यकथेच्या नियमांत सापडत नाही. पेटेतल्या मराठी घरांना ते दुसऱ्याच मार्गाने ठाऊक आहे. नामदेवांना आपले म्हणणाऱ्या समाजात कीर्तन ही परकी गोष्ट नव्हे. उत्तररंगातले आख्यान श्रोत्याला आधीच ठाऊक असते. हरिश्चंद्राची परीक्षा शेवटी संपणार हे लहान मुलालाही माहीत असते. श्रोता येतो तो काय घडले हे ऐकण्यासाठी नव्हे, तर हे बुवा ते कसे सांगतात आणि माहीत असूनही आपला श्वास कोठे अडकतो हे अनुभवण्यासाठी. ब्योमकेशच्या दुसऱ्या पाहण्यात तोच रस आहे. रहस्य नाहीसे झाल्यावर खोली उरते, मैत्री उरते, सत्यवतीचा अजितशी चाललेला कलह उरतो. आणि सत्य सापडूनही ते पोलिसांच्या हाती द्यावे की नाही, हा ब्योमकेशचा संकोच उरतो. हा संकोच पहिल्या वेळी उत्कंठेच्या भरात निसटतो आणि दुसऱ्या वेळी दिसतो. जे रूपांतर दुसऱ्यांदा पाहवते ते कथानकापेक्षा काही अधिक देते. केवळ धक्क्यांवर उभे असलेले रूपांतर हे देऊ शकत नाही. मूळनिष्ठेपेक्षा ही कसोटी अधिक विश्वासार्ह आहे.

मराठी समीक्षेला येथे स्वतःकडे पाहावे लागेल. भालबा केळकरांनी होम्स मराठीत आणला, अशोक जैन यांनी सत्यजित राय यांचा फेलूदा आणला. या वाचनाची परंपरा मराठीत निश्चित आहे. मात्र अर्नाळकरांच्या धनंजयाला ब्योमकेशसारखे रूपांतर लाभले नाही आणि त्यामुळे मराठीबाहेरच्या मराठी घरांपर्यंत तो पोहोचला नाही. ज्या घरात मराठी ऐकली जाते पण वाचली जात नाही, त्या घराच्या दृष्टीने छापील धनंजय अस्तित्वातच नसतो. पडदा ही तेथे वाङ्मयाची एकमेव वाट असते, आणि ती वाट आपण हलकी म्हणून मोकळी सोडली.

त्याहून मोठी हानी दुसरी आहे. हिंदीतला बंगाली ब्योमकेश पाहून झाल्यावर चिकपेटेतल्या एखाद्या घरात जे बोलणे होते ते मराठीत होते. खुनी आधीच ओळखला होता की नाही, ब्योमकेशने त्याला सोडायला हवे होते की नाही, यावरचा तो वाद म्हणजे त्या कृतीची मराठीतली समीक्षाच होय. ती कोणी लिहून ठेवीत नाही. बोलणारी पिढी सरली की ती जाते, आणि तिच्याबरोबर मराठीचा एक उपयोगही जातो: न्याय-अन्यायाचा निवाडा आपल्या भाषेत करण्याचा. देवघरातली मराठी टिकेल. स्वयंपाकघरातलीही काही काळ टिकेल. परंतु ज्या भाषेत माणसे वाद घालत नाहीत ती भाषा हळूहळू केवळ आठवणीची होते. प्रेक्षकाची प्रतिक्रिया गंभीरपणे ऐकणे हे म्हणूनच केवळ रहस्यकथेवरचे उपकार नव्हेत. सत्यान्वेषी साक्षीदाराला त्याची प्रतिष्ठा पाहून निवडत नाही. ज्याने पाहिले आहे त्याला तो विचारतो. समीक्षेनेही तेवढे करणे अगत्याचे आहे.