हे वाक्य कोणाचं? : व्याकरणातली एक संज्ञा आणि ‘एमा’

इंग्रजी शिकताना आपण दोन याद्या पाठ करतो. एक व्याकरणाची : काळ, सर्वनाम, प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष कथन. दुसरी साहित्याची : रूपक, उपरोध, निवेदक. पहिली ‘डू ॲज डायरेक्टेड’च्या गुणांसाठी, दुसरी रसग्रहणासाठी. ही वाटणी वाचकाचं नुकसान करते, असं आमचं म्हणणं आहे. ते एकाच संज्ञेवरून पाहू : मुक्त अप्रत्यक्ष कथन.

शाळेतलं उदाहरण घेऊ. ‘शी थॉट, आय विल गो टुमॉरो’ हे प्रत्यक्ष कथन. अप्रत्यक्ष करताना ‘आय’चं ‘शी’, ‘विल’चं ‘वुड’ आणि ‘टुमॉरो’चं ‘द नेक्स्ट डे’ होतं. आता हे वाक्य बघा : ‘शी वुड गो टुमॉरो.’ ‘शी थॉट’ गळालं. ‘शी’ आणि ‘वुड’ निवेदकाचे, पण ‘टुमॉरो’ तिचा! परीक्षेत लाल रेघ पडेल असं हे वाक्य. कादंबरीत मात्र एकाच वाक्यात दोघं बोलतात. संज्ञाकोशात ‘निवेदक आणि पात्र यांच्या आवाजांचं मिश्रण’ अशी व्याख्या असते. ती खरी आहे, पण तेवढ्यावर मिश्रण ओळखता येत नाही. ओळखायचं ते सर्वनाम, काळ आणि कालवाचक क्रियाविशेषण यांच्यावरून, म्हणजे पहिल्या यादीवरून.

जेन ऑस्टिनची ‘एमा’ डिसेंबर 1815 मध्ये आली. श्री. एल्टन आपल्या मैत्रिणीवर, हॅरिएटवर, भाळले आहेत अशी एमाची खात्री. ती हॅरिएटचं चित्र काढते आणि एल्टन ते चौकटीत बसवून आणायला हौसेने लंडनला नेतात. हे सगळं तृतीयपुरुषी भूतकाळात येतं, आणि भूतकाळातलं वाक्य म्हणजे निवेदकाने सांगितलेली वस्तुस्थिती, अशी आपली सवय. म्हणून आपणही एमाबरोबर फसतो. नाताळच्या आदल्या रात्री, परतीच्या बग्गीत, एल्टन एमालाच मागणी घालतात. तेव्हा कळतं की मागची कित्येक वाक्यं वस्तुस्थिती नव्हती, एमाचा तर्क होता. ऑस्टिनचा उपरोध ‘टोमणा’ म्हणून शोधायला गेलो तर सापडत नाही. तो वाक्यरचनेत असतो.

वाक्य कोणाचं, हा प्रश्न एकदा कोर्टातही पोहोचला. 1857 साली पॅरिसमध्ये फ्लोबेरवर ‘मादाम बोव्हारी’बद्दल खटला झाला. लेखक व्यभिचाराचा गौरव करतो, असा सरकारी वकील पिनार यांचा आरोप. पुढे जर्मन समीक्षक याउस यांनी दाखवून दिलं की पिनार यांनी लेखकाच्या माथी मारलेली वाक्यं नायिकेच्या मनातली होती. फ्लोबेर सुटला. या शैलीला शार्ल बाली यांनी फ्रेंचमध्ये नाव दिलं ते मात्र 1912 मध्ये.

आता आपल्याकडे येऊ. ‘ती म्हणाली की मी उद्या जाईन’ : ‘की’ आलं, पण काळ तोच, सर्वनामही तेच. इंग्रजीसारखी काळ मागे ढकलण्याची सक्ती मराठीत नाही. त्यामुळे ‘शी वुड गो टुमॉरो’ मराठीत आणताना पंचाईत होते. ‘ती उद्या जाणार होती’ म्हटलं तर निवेदक कार्यक्रम सांगतोय असं वाटतं. ‘ती उद्या जाईल’ म्हटलं तर भाकीत. ‘उद्या जायचंच!’ म्हटलं तर मन पकडलं, पण ‘ती’ गेली आणि तिच्याबरोबर निवेदकही. अनुवादात एमा नुसतीच मूर्ख किंवा नुसतीच हुशार वाटली, तर दोष पात्रचित्रणात शोधण्याआधी ही वाक्यं तपासावीत.

अर्थात व्याकरणाने सगळं सुटत नाही. ‘टुमॉरो’ नाही, उद्गारचिन्ह नाही, असं सपाट वाक्यही पात्राचं असू शकतं. तिथे आधीचा संदर्भ आणि त्या व्यक्तीची बोलण्याची ढब बघून आपल्यालाच ठरवावं लागतं, आणि ते चुकूही शकतं. पण खुणा असतील तिथे त्या न बघताच ‘लेखिका म्हणते’ असं लिहून टाकणं बरं नाही. उत्तरपत्रिकेत ‘लेखिका म्हणते’ लिहिण्याआधी एवढं तपासावं : म्हणते ती नक्की लेखिकाच ना?