लस, रेशन आणि राज्यसत्ता

साथीच्या काळात शासनाला लस सक्तीची करता येते काय, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा व्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न म्हणून मांडला जातो. ही मांडणी खोटी नाही, पण अपुरी आहे. ज्याच्या दाराशी शासन औषध घेऊन कधी आलेच नाही, त्या माणसाला तीत जागा नाही.

४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा पाहा. प्लेगच्या धास्तीने केलेला हा कायदा अवघ्या चार कलमांचा. शासन हवे ते निर्बंध घालील, ते मोडणाऱ्यास शिक्षा होईल आणि सद्हेतूने अंमल करणाऱ्यावर दावा चालणार नाही, एवढेच त्याचे सार. रोग्याला औषध, अन्न, निवारा देण्याचे बंधन त्यात कोठेही नाही. २०२० च्या दुरुस्तीने आरोग्यसेवकांवर हल्ला करणाऱ्यास कडक शिक्षा आली. ते योग्यच झाले. परंतु रोग्याचा हक्क तेव्हाही आला नाही.

पांढरपेशा मराठी मनाने १८९७ चे पुणे ध्यानात ठेवले ते घरझडतीसाठी. रँड, गोरे शिपाई, चापेकर. तो संताप खराच होता. पण त्याच वर्षी, त्याच पुण्याजवळ, सावित्रीबाई प्लेगचे रोगी यशवंतरावांच्या दवाखान्यात आणीत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला त्यांनी पाठीवर आणले, असे सांगतात. १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच त्या गेल्या. एक स्मृती विचारते, ‘आमच्या घरात का शिरलात?’ दुसरी विचारते, ‘आमच्या वस्तीत कोणीच का आले नाही?’ न्यायालयापर्यंत पोचतो तो बहुधा पहिला प्रश्न.

२ मे २०२२ रोजी जेकब पुलियेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, कोणाच्याही शरीरात बळजबरीने लस टोचता येणार नाही. अनुच्छेद २१ त्याला संरक्षण देतो. मात्र समाजहितासाठी शासन प्रमाणशीर निर्बंध घालू शकते. ज्यांच्या देहाला शतकानुशतके देहच मानले गेले नाही, त्यांनी या निकालाचे स्वागतच केले पाहिजे. तरीही या वादाच्या केंद्रस्थानी होता तो लस नाकारणारा माणूस. लसच न पोचलेला माणूस तेथे नव्हता.

हा माणूस मला ठाऊक आहे. आमच्या वस्तीतला मी पहिला पदवीधर. मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयाच्या लोकांना सुरुवातीला ऑनलाइन नोंदणीवाचून लस नव्हती. वस्तीतले मजूर कामावरून आले की आधारकार्ड घेऊन माझ्या ओट्यावर बसत. मी मोबाइल घेऊन झगडे आणि जागा मिनिटभरात संपत. माझा धाकटा भाऊ म्हणाला, “दादा, दुकानात माल नाही अन् गिऱ्हाईकालाच दोष.” नोव्हेंबर उजाडला. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात हुकूम निघाला की, किमान एक मात्रा घेतल्याशिवाय रेशन, गॅस, पेट्रोल मिळणार नाही. पुढे जानेवारी २०२२ मध्ये केंद्र शासन सर्वोच्च न्यायालयात सांगत होते की लस सक्तीची नाही!

सक्तीचे वर्गस्वरूप येथे उघडे पडते. बंगल्यातला माणूस लस नाकारतो तेव्हा ते त्याचे मत ठरते. रेशनवर जगणाऱ्याने नाकारली, किंवा त्याला मिळालीच नाही, तर त्याच्या ताटातली भाकरी जाते. कायदा सर्वांना एकच, पण त्याचा घाव पोटावर बसतो तो आपल्याच.

कोणी गैरसमज करून घेऊ नये. लस विज्ञानाची देणगी आहे. ती आपण घेतली पाहिजे आणि अंधश्रद्धेशी लढले पाहिजे. माझे म्हणणे इतकेच की सक्तीचा अधिकार मागणाऱ्या शासनाने आधी आपले कर्तव्य कायद्यात लिहावे. वस्तीत लस येईल, बुडालेली मजुरी मिळेल, टोचल्यानंतर अपाय झाला तर भरपाई मिळेल आणि काही झाले तरी कोणाचे धान्य अडणार नाही. ही चार कलमे १८९७ मध्ये लिहिली गेली नाहीत, कारण राज्य परक्यांचे होते. आज ती का नाहीत, याचे उत्तर आपल्याच राज्याने दिले पाहिजे.