गॉन्क, गेको, गाया

जिओफोनचा पडदा अवघा २.४ इंचांचा. त्याच्या अगदी तळाशी एक चिंचोळी पट्टी असते आणि तिच्यात तीन शब्द बसतात: एक डाव्या कडेला, एक मधोमध, एक उजव्या कडेला. त्यांच्या नेमक्या खाली तीन बटणे. कोणते बटण काय करील हे बटणावर छापलेले नसते. ते त्या पट्टीत उमटते आणि पडदा बदलला की पालटते. कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीला बियाण्याच्या दुकानापुढे उभा असलेला शेतकरी सदऱ्याच्या खिशातून हा फोन काढतो आणि एका हातातली पिशवी खाली न ठेवता, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तीन-चार बटणे दाबून कपाशीवरच्या रोगाचा फोटो पाहुण्याला पाठवून मोकळा होतो, तेव्हा त्या पट्टीकडे त्याचे लक्षही जात नाही, इतकी ती त्याच्या अंगवळणी पडलेली असते.

ही पट्टी म्हणजे एक वेब पान आहे, किंवा वेब पानाची तळाची कडा. ज्या एचटीएमएलमध्ये वर्तमानपत्रांची संकेतस्थळे लिहिली जातात, ज्या सीएसएसमध्ये त्यांचे रंग आणि अंतरे ठरतात, ज्या जावास्क्रिप्टमध्ये त्यांची हालचाल रचली जाते, त्याच तीन लिप्यांत या फोनची यादी, घड्याळ, निरोपांची खिडकी आणि आकडे दाबायचा पडदा लिहिलेला आहे. आपण एकदा हे जाणले की त्या स्वस्त फोनकडे पाहण्याची नजरच बदलते. कारण ही कल्पना जिओची नव्हे, हा फोन चालवणाऱ्या कायओएस या प्रणालीचीही मूळची नव्हे. ती २०११ च्या जुलैमध्ये मोझिला या संस्थेत जन्मली, ‘बूट टू गेको’ या नावाने, आणि पुढच्या वर्षी फायरफॉक्स ओएस म्हणून ओळखली जाऊ लागली. मूळ विचार एका ओळीत मावणारा होता: फोन सुरू झाला की थेट ब्राउझरच सुरू व्हावा आणि त्याच्या बाहेर काही नसावे.

या रचनेला तीन मजले होते आणि त्यांची नावे एका दमात म्हणावीत अशी. तळाशी गॉन्क: लिनक्सचा गाभा आणि रेडिओ, कॅमेरा, बॅटरी यांच्याशी बोलणारे थर. मध्ये गेको: फायरफॉक्सचे ते जुने, मुरलेले इंजिन, जे मजकुराचे चित्र करते. वर गाया: डोळ्यांना दिसणारे सारे काही, म्हणजेच निव्वळ वेब पाने. इतर फोनांत ब्राउझर हा अनेक अ‍ॅपमधला एक पाहुणा असतो. इथे तो यजमान झाला, आणि फोन लावणे, मेसेज लिहिणे, गजर लावणे ही सारी कामे त्याच्या घरी नांदू लागली. ज्याला साधे पान रचता येते त्याला फोनचे अ‍ॅप रचता येईल, हे आश्वासन या मांडणीच्या पोटात होते, आणि मला तिचे खरे लावण्य तिथेच दिसते.

आता एकच ओळ जवळ धरून पाहू. फोन थरथरावा म्हणून लिहायची आज्ञा अशी वाचली जाते: नॅव्हिगेटर, मग टिंब, मग व्हायब्रेट, आणि कंसात २००. हा २०० म्हणजे मिलिसेकंद. कंसात एकच आकडा न देता २००, १००, २०० अशी मालिका दिली की फोन थरथरतो, क्षणभर थांबतो, पुन्हा थरथरतो; गुरू, लघु, गुरू असा लगक्रम मांडावा तसा स्पर्शाचा एक गण तयार होतो. वृत्त जाणणाऱ्या वाचकाला इथे थांबावेसे वाटावे. शब्द नाही, चित्र नाही. केवळ कालमात्रांचे लेखन, आणि ते तळहाताने वाचायचे. ही आज्ञा पुढे वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने २०१५ साली अधिकृत शिफारस म्हणून स्वीकारली, आणि आज आपल्या अँड्रॉइड फोनवरच्या क्रोममध्ये एखादे पान थरथरते ते याच ओळीने.

सगळ्याच ओळींना असे भाग्य लाभले नाही. फोन लावणे, संपर्कयादी वाचणे, सिमकार्डाची अवस्था विचारणे या आज्ञांच्या नावांना मोझिलाने ‘मॉझ’ असा उपसर्ग लावून ठेवला होता. मॉझटेलिफोनी, मॉझकॉन्टॅक्ट्स, मॉझमोबाइलकनेक्शन्स. त्या काळची ही पद्धतच होती: जोवर सर्व ब्राउझर एखादी गोष्ट मान्य करत नाहीत, तोवर तिच्या नावापुढे आपल्या घराची खूण ठेवायची, आणि मान्यता मिळाली की ती विनयाने पुसून टाकायची. त्या दोन अक्षरांत महत्त्वाकांक्षा आहे आणि संयमही आहे. हे आम्ही केले आहे, पण ते सर्वांचे व्हावे अशी आमची इच्छा आहे, असे ती सांगतात. त्या खुणा पुसल्या जाण्याचा दिवस मात्र उगवला नाही, आणि त्यांचे पुढे काय झाले ते पाहताना आपल्याला या कथेतला सर्वांत मोठा आनंद सापडणार आहे.

पण त्याआधी भारतातला फायरफॉक्स ओएसचा पहिला फोन. २५ ऑगस्ट २०१४ रोजी इंटेक्सने क्लाउड एफएक्स बाजारात आणला, १,९९९ रुपयांना. ३.५ इंचांचा स्पर्शाचा पडदा, दोन सिम, २ मेगापिक्सेलचा कॅमेरा, थ्रीजी नाही, आणि काम करायला १२८ एमबी स्मृती. आजच्या फोनमध्ये एखादे गाणे ऐकवणारे अ‍ॅपही एवढ्या जागेत अवघडून जाईल. त्या जागेत संपूर्ण फोन राहता करण्यासाठी मोझिलाच्या अभियंत्यांनी ‘टाराको’ या टोपणनावाची खास आवृत्ती घडवली. स्मृतीत पडून राहिलेला मजकूर तिथल्या तिथे दाबून लहान केला जाई. छायाचित्र आधी पूर्ण उलगडून मग आक्रसण्याऐवजी उलगडतानाच लहान केले जाई, जेणेकरून मोठे चित्र कधी जन्मालाच येऊ नये. संपन्नतेतून आलेली कला आपण पुष्कळ पाहतो. इथे टंचाईनेच हात इतका नेमका केला होता की त्यातल्या एकेका युक्तीला मनापासून दाद द्यावी. तो फोन संथ होता, त्यावर अधिकृत व्हॉट्सअ‍ॅप नव्हते, आणि व्हॉट्सअ‍ॅपविना फोन हातात घेऊन गावात कोण फिरणार? त्याची विक्री मंदावण्याचे एक मोठे कारण तेच. तरीही त्या १२८ एमबीच्या खोलीत केलेली मांडणी डोळे भरून पाहण्यासारखीच आहे.

अक्षरांचेही असेच. मोझिलाने या फोनसाठी एरिक श्पीकरमान या विख्यात जर्मन अक्षररचनाकाराकडून ‘फिरा’ हा टंक घडवून घेतला आणि तो सर्वांना मोकळा दिला; लहान, मंद पडद्यावरही वाचता यावा म्हणून त्याच्या अक्षरांची पोटे मोठी आणि उघडी आहेत. फिरात देवनागरी नव्हती. मात्र गेकोच्या पोटात हार्फबझ नावाचा अक्षरजुळणीचा एक मुक्त संगणकीय भाग होता, आणि मराठी वाचकाने त्याचे ऋण मानावे असे काही त्यात आहे. ‘सूर्या’ आणि ‘सुऱ्या’ यांतला फरक पाहा. पहिल्यात रफार डोक्यावर चढतो. दुसऱ्यात र् चंद्रकोरीसारखा वाकून य ला बिलगतो. हा दुसरा, आडवा र आपल्या मराठीचा खास लाडका. हिंदीला त्याची फारशी गरज पडत नाही. सांकेतिक क्रमांकांच्या रांगेतून त्याला ओळखून योग्य वळण देण्याचे नियम हार्फबझला ठाऊक आहेत. टंकात ते वळण कोरलेले असले की ‘शेतकऱ्याचा’, ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ हे शब्द स्वस्तातल्या स्वस्त पडद्यावरही अंग मोडून न घेता उभे राहतात.

डिसेंबर २०१५ मध्ये मोझिलाने जाहीर केले की मोबाइल कंपन्यांमार्फत फायरफॉक्स ओएसचे फोन देणे आपण थांबवत आहोत आणि यापुढे जोडलेल्या वस्तूंकडे वळणार आहोत: दूरचित्रवाणी संच, घरातली उपकरणे, संवेदक. पॅनासॉनिकचे फायरफॉक्स ओएसवर चालणारे टीव्ही आधीच बाजारात होते. २०१६ च्या मार्चमध्ये चार प्रकल्पांची नावे आली. घरच्या वस्तूंना मालकाच्या आवडीनिवडी कळवणारा लिंक. घर स्वतःच्या हाताने जोडता यावे म्हणून स्मार्ट होम. हवेतले सूक्ष्म धूलिकण लोकांनी मिळून मोजावेत म्हणून सेन्सर वेब. आणि वस्तूंशी बोलता यावे म्हणून चौथा, ज्याचे नाव ठेवले होते वाणी. त्याच वर्षी फोनवरचे काम पुरते थांबले. पुढच्या फेब्रुवारीत, म्हणजे २०१७ मध्ये, जोडलेल्या वस्तूंचा तो विभागही बरखास्त झाला.

आणि तिथून पाच महिन्यांनी, २१ जुलै २०१७ रोजी, मुंबईत बिर्ला मातुश्री सभागारात रिलायन्सच्या ४० व्या वार्षिक सभेत मुकेश अंबानींनी जिओफोन जाहीर केला. १,५०० रुपयांची परत मिळणारी अनामत, फोरजी, ५१२ एमबी स्मृती, बटणांचा फोन. आत कायओएस, आणि कायओएस म्हणजे फायरफॉक्स ओएसच्या मुक्त लिपीला फुटलेली नवी फांदी. बोटाने सरकवण्यासाठी रचलेले गाया आता चार दिशांच्या बटणांवर चालू लागले. पडद्यावर कुठे आहोत ते सांगणारी उजळ चौकट आली, आणि तळाशी ती तीन शब्दांची पट्टी आली. स्पर्श गेला तशी त्याच्या जागी एक संवादाची शिस्त आली: आधी कुठे आहात ते दिसते, मग काय करता येईल ते लिहून येते, मग बटण दाबायचे. बोटांना चिखल लागलेला असताना, उन्हात पडदा झाकोळलेला असताना, कानटोपीतून अर्धवट ऐकू येत असताना ही शिस्त किती उपकारक ठरते हे शिवारात काम करणारा चांगले जाणतो. जिओफोन पुढे दहा कोटींहून अधिक हातांत गेला असे कंपनीनेच सांगितले आहे. त्या कोट्यवधी फोनांच्या आत, नंबर लावताना, संपर्क शोधताना, ‘मॉझ’ ही खूण तशीच आहे. जी सर्वमान्यतेनंतर पुसली जायची होती, ती न पुसता सर्वदूर गेली. ज्या संस्थेने ती लिहिली तिच्या मूळ लिपीतून ती काढून टाकली गेली आणि देवगाव रंगारीच्या बसस्टँडवर ती नांदत राहिली. मला हा योग फार विलक्षण वाटतो, आणि मुक्त लिपीच्या परवान्यातली ती कोरडी कलमे या एका उदाहरणाने सरस होतात.

जोडलेल्या वस्तूंची ओढ मात्र आपल्याकडे कोणत्याही घोषणेची वाट पाहत थांबली नव्हती. शेतीपंपाची वीज पाळीने यायची, कधी दिवसा ८ तास, कधी रात्री १० तास. आणि रात्रीच्या पाळीत मोटर सुरू करायला अद्रकीच्या किंवा कांद्याच्या रानात जायचे म्हणजे साप, विंचू, चिखल आणि अंधार. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी यावर ‘नॅनो गणेश’ घडवले. स्टार्टरला जोडलेला एक मोबाइल-संच. घरून त्याला फोन लावायचा, ठरलेला आकडा दाबून मोटर चालू करायची, दुसऱ्या आकड्याने बंद. २००९ साली नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याचा गौरव झाला. त्यातला मला सर्वांत भावणारा तपशील आहे तो आवाजाचा: शेतकरी फोन कानाला लावतो आणि ऐकू येणाऱ्या सुरावरून खांबावर वीज आहे की नाही हे ओळखतो. पडदा नाही, अक्षर नाही, इंटरनेटही नाही. विहिरीवरच्या लोखंडी पेटीला बोलता येते आणि खाटेवर पडलेल्या माणसाला ते कळते. सिलिकॉन व्हॅलीत वस्तूंना बोलते करण्याचे प्रकल्प आखले जात होते, त्याच्या कितीतरी आधी महाराष्ट्रातल्या मोटरी बोलत होत्या.

मोझिलाच्या वाणीचेही ‘मॉझ’सारखेच झाले. प्रकल्प मिटला, पण माणसाचे बोलणे यंत्राला समजावे आणि ते ज्ञान कुणा एकाच्या कुलपात राहू नये ही आच मोझिलात उरली. २०१७ च्या जुलैत कॉमन व्हॉइस सुरू झाला. त्याची रीत अत्यंत साधी आणि म्हणूनच देखणी: पडद्यावर एक वाक्य येते, आपण ते वाचून ध्वनिमुद्रित करतो, दुसरा कुणी अनोळखी माणूस ते ऐकून वाक्य नीट वाचले गेले की नाही ते सांगतो. दोघांनी होकार दिला की तो आवाज संग्रहात जातो, आणि संग्रह कुणालाही, कोणत्याही कामासाठी, परवानगी न विचारता वापरता येतो. त्यात मराठी आहे. ळ आणि ण यांच्या ठसठशीत उच्चारांसह, निरनिराळ्या गावांच्या हेलांसह माणसांनी तिथे वाक्ये वाचून ठेवली आहेत. कन्नड, वैजापूर, खुलताबादकडचा हेल त्या संग्रहात जितका जाईल, तितके उद्याचे यंत्र देवगावच्या माणसाचे म्हणणे त्याच्याच बोलीत समजून घेईल. आणि त्यासाठी आपल्याला लागतो एक फोन, पंख्याचा आवाज नसलेली एक खोली, आणि एका बैठकीला वाचायला पाच वाक्ये.